जुन्या स्कॉर्पिओत टचस्क्रीन बसवायचीय? आधी डॅशबोर्डामागे काय आहे ते बघा

चिपळूणहून प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा. २०११ची, एमहॉक डिझेल इंजिनाची स्कॉर्पिओ, दोन वर्षांपूर्वी गावातूनच सेकंडहँड घेतलेली. डॅशबोर्डात आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेला डबल डिन, म्हणजे दुप्पट उंचीच्या खाचेचा सीडी प्लेअर आहे. सीडी अडकते, एफएम खरखरतं. त्याजागी नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन हवी, रिव्हर्स कॅमेरा हवा आणि स्टिअरिंगवरची बटणं चालायला हवीत. बजेट वीस हजार. गावातला दुकानदार म्हणतो, वायरी कापून जोडून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. द्यावं का त्याच्याकडे? आणि अशा स्क्रीनने बॅटरी उतरते म्हणतात, ते खरं का?

मी कराडला ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गाड्यांत कॅसेटचे डेक बसवत होतो तेव्हापासून, म्हणजे बावीसेक वर्षं हेच चाललंय. दुकानदार खोटं बोलत नाहीये. स्क्रीन बसवणं अर्ध्या तासाचंच काम आहे. अर्धा दिवस जातो तो आधीच्यांनी करून ठेवलेलं निस्तरण्यात. कुठलीही जुनी एसयूव्ही घ्या, डॅशबोर्ड उघडला की कंपनीची वायरिंग कमी आणि मधल्या दोन-तीन फिटरांची कारागिरी जास्त दिसते. एकाने अलार्म बसवलेला असतो, दुसऱ्याने फॉग लॅम्प, तिसऱ्याने हा प्लेअर. प्रत्येकाने हाताशी आली ती वायर सोलून तिथूनच करंट घेतलेला असतो. त्या गुंत्यावर नवीन स्क्रीन नुसती डकवली, तर पुढची सगळी दुखणी स्क्रीनच्या नावावर जातात.

तुमची गाडी चिपळूणची आहे म्हणून पहिला प्रश्न मीच विचारतो. २२ जुलै २०२१ला ती कुठे उभी होती? वाशिष्ठीच्या त्या पुरात किती गाड्या बुडाल्या ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यातल्या काही धुऊन-पुसून, सीटकव्हरं बदलून पुन्हा रस्त्यावर आल्या आणि विकल्याही गेल्या. बाहेरून काही कळत नाही. कळतं ते प्लेअर बाहेर ओढल्यावर. मोकळ्या खाचेत हात घालून आतल्या पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला साध्या धुळीऐवजी मऊ, मैद्यासारखा गाळ लागला, वायरींच्या जुडग्यात तोच अडकलेला दिसला आणि कपलरच्या, म्हणजे वायरी एकमेकांत खोचायच्या प्लॅस्टिकच्या जोडाच्या, पिनांवर हिरवट थर असला, तर गाडी पाण्यात होती. तसं असेल तर स्क्रीनचे पैसे आधी कपलर साफ करण्यात आणि सडलेल्या पिना बदलण्यात घाला. पाणी तिथपर्यंत पोचलेलं नसलं तरी कोकणातली खारी हवा आहेच. अर्थच्या, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत जायच्या जोडणीच्या, नटबोल्टांचं ती काय करते ते पुढे येईलच.

आता युनिट कुठलं घ्यायचं. मी तुमच्या जागी असतो तर नऊ इंचीच्या नादाला न लागता सात इंची घेतलं असतं. डबल डिनची खाच १८० बाय १०० मिलिमीटरची असते आणि सात इंची युनिट तिच्यात जसंच्या तसं जातं. नऊ इंची म्हटलं की त्या मॉडेलसाठी काढलेली प्लॅस्टिकची फ्रेम आली, ती कुठेतरी दोन मिलिमीटर कमी-जास्त असणार, मग तिला कानस लावा, मागे स्पंज चिकटवा, आणि तरी खडबडीत रस्त्यावर ती चुकचुक वाजणारच. तरीही नऊ इंचीच हवी असेल तर फ्रेम मागवताना नुसतं ‘स्कॉर्पिओ’ म्हणू नका, वर्ष सांगा. सप्टेंबर २०१४मध्ये नवीन स्कॉर्पिओ आली तिचा डॅशबोर्ड वेगळा आहे, आणि दुकानात बहुतेक वेळा तिचीच फ्रेम पडलेली असते. शिवाय फ्रेम नुसती समोर धरून बघा: एसीचं तोंड झाकतेय का, हॅझर्डच्या बटणापर्यंत बोट जातंय का.

बिनब्रँडच्या अँड्रॉइड युनिटच्या खोक्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. अँड्रॉइड १३, ८ जीबी रॅम असं छापलेलं असतं आणि सेटिंगमध्येही तेच दिसतं, कारण तिथले आकडे बनवणाऱ्याला हवे तसे टाकता येतात. हार्डवेअर तपासणारं एखादं अ‍ॅप टाकलं की कधीकधी आत अँड्रॉइड १० आणि २ जीबी निघतं. पैसे देण्याआधी दुकानातच अ‍ॅप टाकून बघा. आणि तुम्ही फोन जोडून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेच वापरणार असाल तर रॅमच्या मागे धावण्यात अर्थ नाही, तेव्हा डोकं फोनचं चालतं, स्क्रीन फक्त दाखवते. मग नुसतं अँड्रॉइड ऑटो-कारप्ले असलेलं नावाजलेलं युनिट बरं. ते चालू व्हायला वेळ घेत नाही आणि अडकत नाही.

आवाजाचं गोल बटण असलेलंच घ्या. कुंभार्ली घाटात गाडी खड्ड्यात आदळत असताना काचेवरच्या बारीक खुणेवर बोट लावून दाखवा, मग बोलू.

वीस हजार सगळे स्क्रीनवर घालू नका. बारा-तेरा युनिटला, चारेक पुढच्या दोन स्पीकरांना, उरलेल्यात कॅमेरा, वायर आणि मजुरी. इतक्या वर्षांच्या गाडीचे कागदी कोनचे स्पीकर ओल खाऊन मेलेले असतात. त्यांच्यावर कुठलीही स्क्रीन लावा, आवाज डब्यातूनच येणार. खोक्यावर चार गुणिले ५० वॅट लिहिलेलं असतं, पण आतल्या चिपमधून स्पीकरला सतत मिळतात ते पंधरा-वीस वॅट. तेवढ्यात गाडी व्यवस्थित वाजते, स्पीकर धड असला तर. दाराचं पॅड काढाल तेव्हा आतलं प्लॅस्टिक फाडू नका आणि परत नीट चिकटवा. ते गेलं की पावसाचं पाणी काचेवरून ओघळून दारातून खाली जायचं सोडून पायाशी येतं.

काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. दहा नंबरचा पाना लागतो, दोन मिनिटं जातात. एअरबॅगची गाडी असेल तर त्यानंतर पाच-दहा मिनिटं थांबा. पिवळ्या नळीतून गेलेल्या किंवा पिवळा कपलर लावलेल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर (व्होल्ट-ओहम मोजायचा मल्टीमीटर) लावायचा नाही. ‘नुसतं बघतो’ म्हणूनसुद्धा नाही.

पॅनल काढण्याआधी गाडी अर्धा तास उन्हात उभी करा. हे ऐकून लोक हसतात, पण जुनं प्लॅस्टिक थंड असताना खारीसारखं तुटतं आणि कोमट असताना वाकतं. पावसाळ्यात मी हेअर ड्रायर वापरतो. ओढायच्या आधी स्क्रू शोधा. ते नॉबच्या मागे, अ‍ॅश-ट्रेच्या मागे, ट्रेच्या रबराखाली लपवलेले असतात. दोन बोटांच्या ताकदीने पॅनल येत नसेल तर कुठेतरी स्क्रू राहिलाय. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

प्लेअर बाहेर आला की त्याच्या मागे बघा. कंपनीचा मूळ कपलर न कापलेला, नुसता बाजूला लोंबकळत असेल तर तुम्ही नशीबवान. त्याच्या जोडीचा कपलर बाजारात मिळतो, नवीन युनिटच्या वायरी त्या कपलरला जोडायच्या आणि तो मूळ कपलरात खोचायचा. उद्या काही झालं तर उपटून काढता येतं, गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. मात्र आधीच्या फिटरने कपलर उडवून वायरींना पीळ देऊन टेप गुंडाळलेली असण्याचीच शक्यता जास्त. ती टेप उन्हाने गुळासारखी चिकट झालेली असते, ओढली की निम्मी बोटांना येते आणि आत तांब्याचा झुपका उघडा.

अशा वेळी वायरींच्या रंगांवर जाऊ नका. नवीन युनिटच्या बाजूचे रंग ठरलेले असतात: पिवळी कायमचा करंट, लाल चावीचा करंट, काळी अर्थ, निळी अँटेनाची, निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायरची, केशरी पार्किंग लाइटची, स्पीकरांत पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळी रेघ असलेली तिची निगेटिव्ह जोडीदार. गाडीच्या बाजूला मात्र आधीच्याने हाताला लागली ती वायर वापरलेली असते. म्हणून मीटर.

सगळी उघडी टोकं एकमेकांपासून लांब करून टेपने झाका, मग बॅटरी परत जोडा. मीटरची काळी पिन पत्र्यावर जिथे रंग खरवडलाय तिथे धरा आणि लाल पिनने एकेक टोक तपासा. चावी काढलेली असताना जिच्यात साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसतात ती कायमची. चावी पहिल्या खाचेत नेल्यावर जिवंत होते ती तुमची लाल. पार्किंग लाइट लावल्यावर येते ती केशरीला. प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी लावा, ‘लक्षात राहील’ म्हणू नका. पिवळी-लाल उलटी लागली तर चावी काढली की युनिट घड्याळ, सेटिंग, लावून ठेवलेली स्टेशनं सगळं विसरतं. दोन्ही कायमच्या करंटवर लागल्या तर ते बंदच होत नाही. बॅटरी उतरण्याच्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच सापडतात. चावीने बंद होत नाही म्हणून मालक फक्त स्क्रीन काळी करून घरी गेलेला असतो.

स्पीकरच्या वायरी शोधायला बॅटरी पुन्हा काढा आणि घड्याळातला साधा दीड व्होल्टचा सेल घ्या. दोन टोकं सेलला क्षणभर लावायची, त्या जोडीच्या स्पीकरातून ‘टक’ असा आवाज येतो. कुठल्या दारातून आला ते दुसऱ्याला ऐकायला सांगा. जाळी काढलेली असेल तर कोन बघा: बाहेर आला तर सेलच्या प्लसला लावलेली वायर स्पीकरची प्लस, आत गेला तर उलट. याला एवढं महत्त्व का? एक स्पीकर उलटा लागला तर दोन्ही वाजतात, पण एक कोन बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो आणि ढोलकीचा बायाच गायब होतो. गिऱ्हाईक म्हणतं नवीन युनिटला बेस नाही. दोष युनिटचा नसतोच.

सेलच्या आधी आणखी एक तपासणी करा. मीटर ओहमवर ठेवून प्रत्येक जोडीत तीन ते चार ओहम दिसायला हवेत, आणि कुठल्याही स्पीकरच्या वायरीचा पत्र्याशी अजिबात संबंध दिसता कामा नये. जुन्या काळी वायर वाचवायला स्पीकरची निगेटिव्ह सरळ बॉडीला जोडायचे. आताच्या युनिटांत स्पीकरच्या दोन्ही टोकांना करंट असतो. त्यातलं एक पत्र्याला टेकलं की आतली चिप जाते. दारातली वायर बिजागरीपाशी घासून उघडी पडली असली तरी तेच होतं.

जोडणी कशी करावी यावर फिटरांमध्ये भांडणं आहेत. माझी पद्धत: चांगल्या पकडीने दाबलेली तांब्याची स्लीव्ह, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळते ती नळी), आणि मग सगळं जुडगं कापडी टेपमध्ये. सोल्डरही चालतं, पण सोल्डर केलेल्या जागेच्या पुढची वायर कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते, म्हणून जुडगं टायने बांधून हलणार नाही असं ठेवा. चिमटीत धरून दाबायचे ते निळे-लाल प्लॅस्टिकचे कपलर, जे वायर न सोलता आत पातं घुसवतात, ते मी दुकानात ठेवतच नाही. कोकणच्या हवेत त्या पात्याची जखम दोन पावसाळ्यांत गंजते.

आता अर्थ. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जुन्या एसयूव्हीत निम्मे आजार इथले असतात.

स्कॉर्पिओ ही शिडीच्या चासीची गाडी. खाली लोखंडी चासी, तिच्यावर रबरी बुश, आणि त्या बुशांवर बॉडी. म्हणजे तुम्ही ज्या पत्र्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणता तो खालच्या लोखंडापासून रबराने वेगळा केलेला आहे. इंजिन, चासी, बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांना जोडतात त्या अर्थच्या पट्ट्या आणि जाड वायरी. त्यांचे बोल्ट गंजले, की करंट परत जायला वाट शोधतो आणि मिळेल त्या बारीक वायरीतून जातो. दिवे किंचित मंद होतात, ब्लोअर हळू होतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. स्क्रीनच्या मात्र लगेच लक्षात येतं.

रत्नागिरीकडची एक गाडी माझ्याकडे आली होती, जवळपास तुमच्याच वयाची. एसी लावला की स्क्रीन लुकलुकायची आणि हेडलाइट लावले की बंद पडून पुन्हा सुरू व्हायची. मालकाने वर्षभरात तीन युनिटं बदलली होती, प्रत्येक वेळी दुकानदार वॉरंटीत नवीन देत होता, दोघेही बिचारे प्रामाणिक. मी स्क्रीनला हातही लावला नाही. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, ब्लोअर फुल. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी युनिटच्या काळ्या वायरीवर. ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं होतं, मीटरने १.४ दाखवले. पुढे बॉनेटखाली बॉडीचा अर्थ बोल्ट सोडवला तर वॉशरखाली हिरवी-पांढरी पूड होती. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), वर ग्रीस. मीटर ०.०६ वर आला. त्याच तिसऱ्या युनिटवर ती गाडी अजून चालतेय.

हीच तपासणी तुम्ही घरी करू शकता, मीटर पाचशे रुपयांत मिळतो. पाव व्होल्टच्या वर आलं तर आधी अर्थ, मग स्क्रीन. आणि नवीन युनिटची काळी वायर जुन्या जुडग्यातल्या काळ्या वायरीला जोडून मोकळे होऊ नका. डॅशबोर्डामागच्या लोखंडी आडव्या दांड्याला किंवा पत्र्याला रंग खरवडून, लग लावून, बोल्टने आवळा. पुढेमागे अ‍ॅम्प्लिफायर बसवलात आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर नॉइज फिल्टर विकत घ्यायच्या आधी दोघांचे अर्थ एका जागी आणा आणि आवाजाची केबल करंटच्या वायरीपासून दुसऱ्या बाजूने न्या. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाहीच गेली तर अल्टरनेटरचे डायोड तपासा.

करंटसाठी जुनी वायर बारीक किंवा भाजलेली वाटली तर पिवळीला बॅटरीपासून स्वतंत्र वायर ओढा. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, १५ अँपिअरचा, आणि आत येताना रबरी ग्रोमेटमधूनच. पत्र्याच्या भोकातून उघडी वायर घातली तर हादऱ्यांनी तिचं कातडं सोललं जातं, आणि फ्यूज जर आत युनिटपाशी असेल तर त्या आगीला अडवायला मधे काहीच नाही. टर्बो आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या.

बॅटरी उतरते का? उतरते, पण हिशेब करून बघा. अँड्रॉइड युनिटं चावी काढल्यावर पूर्ण बंद होत नाहीत, झोपतात. म्हणून तर पुढच्या वेळी दोन सेकंदांत उठतात. पूर्ण बंद केलं तर पुन्हा उठायला वीस-तीस सेकंद घेतात. झोपेतलं युनिट काही मिलिअँपिअर खातं, ते ठीक. भिकार युनिट पाव अँपिअर खातं. म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. ७० अँपिअर-तासांची (एएच) बॅटरी असली तरी पाच-सहा दिवसांत निम्मी, आणि डिझेल इंजिनाचा सेल्फ निम्म्या बॅटरीवर मारून बघा. गणपतीला गाडी घरी ठेवून मुंबईला गेलात की परत आल्यावर धक्का.

मोजायचं असं: सगळं बंद, दारं लावलेली, मीटर १० अँपिअरच्या खाचेत, बॅटरीचं निगेटिव्ह काढून मधे मीटर जोडायचा आणि अर्धा तास थांबायचं, कारण सगळं झोपायला वेळ लागतो. अख्ख्या गाडीचं मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जाईल. जास्त आलं तर युनिटची पिवळी काढून पुन्हा बघा. आकडा पडला तर दोषी सापडला. सेटिंगमध्ये झोपेऐवजी काही वेळाने पूर्ण बंद व्हायचा पर्याय असतो, तो लावा. आकडा तसाच राहिला तर जुना अलार्म बघा.

स्टिअरिंगच्या बटणांचं काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. या पिढीच्या गाड्यांत बटणं म्हणजे वेगवेगळ्या ओहमचे रेझिस्टर. कुठलं बटण दाबलं ते युनिट ओहमवरून ओळखतं. युनिटच्या मागे ‘की १’, ‘की २’ आणि अर्थ अशा वायरी असतात. गाडीची वायर सापडली का हे मीटरने कळतं: बटण दाबलं की ओहम बदलायला हवेत, प्रत्येक बटणाला वेगळे. ती जोडून स्क्रीनच्या सेटिंगमध्ये एकेक बटण शिकवायचं. यासाठी स्टिअरिंग उघडायची गरज नाही, वायर खाली कॉलममधून येते. काहीच हलत नसेल तर आतली गुंडाळलेली पट्टी तुटलेली असते. तेव्हा हॉर्नही रुसतो का बघा. ते काम ज्याला एअरबॅग कळतो त्याच्याकडेच द्या.

कॅमेऱ्यात लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक, कॅमेऱ्याची जात. जुन्या पद्धतीचा साधा व्हिडिओ आणि नवीन, जास्त स्पष्ट चित्राचा एएचडी असे दोन प्रकार आहेत. युनिटची सेटिंग जुळली नाही तर पडदा काळा किंवा पट्टेपट्टे. कॅमेरा खराब म्हणून परत करू नका, आधी सेटिंग बदला. दुसरं, पाणी. कॅमेऱ्याचा करंट रिव्हर्स लाइटवरून घ्यायचा, वायर मागच्या दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून आत न्यायची आणि सांधे सगळे आत, नंबर प्लेटमागे एकही नाही. वायर आत शिरण्याआधी थोडी खाली झोल देऊन वर घ्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून पडतं, वायरीवरून चालत आत जात नाही. चिपळूणच्या पावसाला एवढं पुरतं. पडद्यावरच्या लाल-हिरव्या रेषा तुमच्या गाडीला मोजून आखलेल्या नसतात; मागे एक मीटरवर बादली ठेवा आणि ती कुठल्या रेषेवर दिसते ते बघून घ्या.

हँडब्रेक ओढल्याशिवाय पिक्चर लागू न देणारी युनिटची वायर हँडब्रेकलाच लावायची. चालत्या गाडीत पुढे पिक्चर बघायला ती अर्थला जोडून मागतात, मी देत नाही.

रेडिओसाठी निळी वायर विसरू नका. अँटेनात बूस्टर असेल तर त्याला निळीतून करंट लागतो. तुमचं एफएम खरखरतंय ते कदाचित एवढ्यानेच, म्हणजे जुन्या प्लेअरचा त्यात दोष नसेलही. आणि सेटिंगमध्ये प्रदेश बघा. बरीच युनिटं अमेरिकेवर लावून येतात. तिथे मीडियम वेव्ह दहा-दहा किलोहर्ट्झने पुढे सरकतं, आपल्याकडे नऊ-नऊने. माझे वडील सांगली केंद्र लावायचे, २३९.८ मीटर, १२५१ किलोहर्ट्झ. दहाच्या पाढ्यात १२५१ येतच नाही, १२५० नंतर थेट १२६०. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या नवीन स्क्रीनला नापास केलं होतं, आणि मला कारण शोधायला दोन दिवस लागले. एफएमलाही तेच: अमेरिकन सेटिंगवर १००.९ नंतर १०१.१ येतं, १०१ मधल्या मधे गायब.

जीपीएसची चकती डॅशबोर्डावर काचेच्या कोपऱ्यात, चुंबकाची बाजू खाली. काचेला धातूची फिल्म असेल तर सिग्नल लंगडतो. घाटात मोबाइलची रेंज जाते तेव्हा जीपीएस चालूच असतं, नकाशा मात्र उतरत नाही, म्हणून चिपळूण-कराड पट्ट्याचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

सगळं जोडून झालं की पॅनलच्या क्लिपा लगेच बसवू नका. युनिट स्क्रूने आवळा, पॅनल नुसतं टेकवा आणि दोन दिवस फिरवा. रात्री पार्किंग लाइट लावल्यावर पडदा मंद होतोय का, रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा लगेच येतोय का, सेल्फ मारताना युनिट पुन्हा सुरू होतंय का. शेवटचं होत असेल तर सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर धरा. साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. दुपारच्या उन्हात तासभर उभी करून मग टच चालतो का तेही बघा, हलक्या युनिटचा टच तेव्हाच दगा देतो, आणि दुकानदार बदलून देतो ते पहिल्या आठवड्यातच.

तर दुकानदाराला विचारा: मीटर लावून वायरी ओळखणार का, मूळ कपलर न कापता करणार का, अर्थ नवीन टाकणार का. हो म्हणाला तर खुशाल द्या, गावातलाच माणूस बरा, पुढे अडलं-नडलं तर जवळ. ‘त्याची काय गरज’ म्हणाला तर इकडे या. मी पंधराशे घेतो, जुनं निस्तरायला लागलं तर वाढतात, आधी उघडून दाखवतो मग आकडा सांगतो. सकाळी लवकर निघा, म्हणजे इथे पोचल्यावर गाडी अर्धा तास उन्हात ठेवता येईल. आणि घाट चढताना जुना प्लेअर चालू ठेवा, गाणं नको, नुसतं एफएम. खरखर इंजिनच्या वेगाबरोबर चढते-उतरते की तशीच राहते एवढं ऐकून या. माझं निम्मं काम तिथेच होईल.